खिडकीच्या पट्ट्या

ईस्टर चार दिवसांवर आला. गावातल्या सगळ्या घरांच्या खिडक्या उघडून धुऊन झाल्या, पण उस्तिनाच्या खिडक्या हिवाळ्याआधी, गार वारा आत येऊ नये म्हणून फटींवर कागदी पट्ट्या चिकटवून बंद केल्या होत्या, तशाच. तिचा एकुलता एक मुलगा लेवको फेब्रुवारीत आघाडीवर मारला गेला, तेव्हापासून ती चूलसुद्धा धड पेटवत नव्हती.

"अगं, त्या कोंदट घरात गुदमरून मरशील एक दिवस!" शेजारीण मोत्रिया कुंपणावरून रोज ओरडायची.

आज उस्तिना लेवकोच्या कबरीवर गेलेली पाहून मोत्रिया गरम पाण्याची बादली घेऊन सरळ तिच्या घरात शिरली. तिने पट्ट्या भिजवल्या, सुरीने खरवडून काढल्या, काचा लख्ख पुसल्या. सहा महिन्यांनी त्या घरात वारा खेळला.

उस्तिना परतली ती दारातच थबकली.

"बघ, आता कसं मोकळं वाटतंय!" मोत्रिया स्वतःवरच खूश होत म्हणाली.

उस्तिना बादलीपाशी खाली बसली. पाणी शाईने निळं झालं होतं. तिने तळाचा लगदा हळूच ओंजळीत घेतला.

"पट्ट्या लावताना घरात दुसरा कागद नव्हता गं, म्हणून लेवकोच्या शाळेच्या वह्या फाडल्या होत्या मी. त्याच्या हातचं अक्षर तेवढंच उरलं होतं."