कुंकू लावलेली रिंग

परवान्याच्या तपासणीसाठी सकाळपासून हा माझा तिसरा जलतरण तलाव. भिंतीवर नारिंगी लाइफ रिंग टांगलेली, तिच्यावर खंडेनवमीच्या पूजेतली कुंकवाची पाच बोटं. मे महिना उजाडला तरी पुसली नव्हती, म्हणजे रिंग पाण्यात कधी पडलीच नव्हती. हीच पाच बोटं आधीच्या दोन्ही तलावांवर पाहिली होती, आणि दोन्हीकडे ‘रिंग उपलब्ध’ लिहून मी सही केली होती. “अर्जुनराव, तुम्हा तिघा मालकांत मिळून रिंगा किती?” “एकच हाय, साहेब. तपासणी आली की शेजारधर्म म्हणून एकमेकाला देतो.” “मग आत्ता तिथं कुणी बुडालं तर?” “तिथली तपासणी तर झालीच की.” चरफडत मी पहिल्या तलावावर फोन लावला. पलीकडून पोरांच्या उड्यांचा आवाज येत होता. “सगळ्यांना पाण्याबाहेर काढा.” “कावून साहेब? सकाळीच तर तुमी सगळं बघून सही केलती ना?”