मोरपंखी न्हाणी

"आई, फोडून टाक ती न्हाणी. पांढऱ्या टाइल्स बसवू," पुण्याला नोकरीला लागलेला लेक फोनवर म्हणाला.

"पांढऱ्या दवाखान्यात असतात," म्हणत नागूबाईनं फोन आपटला. अख्ख्या मन्नाएखेळ्ळी गावात असली मोरपंखी न्हाणी दुसरी नव्हती. सासऱ्यांनी छप्पन्न साली हैदराबादहून टाइल्स आणून ती सजवली होती.

त्यातली एकच टाइल निखळून फुटली होती. तिच्या रंगाची जोड मिळवायला नागूबाईनं सोलापूरच्या भंगारवाल्यांकडे तीन खेपा घातल्या. मिळाली, तेव्हा मल्लेश गवंड्यानं ती बसवली आणि थापीच्या दांड्यानं ठोकून पाहिली. आवाज भरीव आला.

मग समोरच्या भिंतीवरचा आरसा पुसता पुसता तो थबकला. "अक्का, टाइल तर बसली. आरशात भोक कामून दिसायलंय?"

खरंच. भिंत अखंड होती, पण आरशातल्या भिंतीला काळं, चौकोनी भोक होतं.

मल्लेशनं थापी पिशवीत टाकली. "फोडूनच टाकू अक्का, सगळी."

"न्हाई फोडायची!" नागूबाई कडाडली. "माझी न्हाणी हाय. आरशाला भ्यायची व्हय मी?"

तिनं नव्या टाइलवर पंजा दाबून धरला. टाइल गार होती, टणक होती. मान वळवून तिनं आरशात पाहिलं. तिथं तिचा हात मनगटापर्यंत भोकात गेला होता.

नागूबाईनं हात मागं घेतला, पदराला पुसला आणि मल्लेशच्या तोंडापुढं नाचवला. "बघ, निघाला का न्हाई?"

मल्लेशचं तिच्या हाताकडे लक्षच नव्हतं. आरशातली नागूबाई भिंतीला पाय लावून अजून हात ओढत होती.