घशातला शब्द

"घशातून काढा! पण खोकू नका!" गाण्याचे मास्तर ओरडले.

समोरच्या चाळीस जणांनी पुन्हा जोर लावला. सगळे जन्मभर इंग्रजी बोललेले. कुणाचं 'नाक्ट' झालं, कुणाचं 'नाश्ट', आणि मागच्या रांगेतल्या शिंप्याला खरोखरच ठसका लागला. गाणं जर्मन होतं. त्याचा शेवटचा शब्द 'नाख्ट', म्हणजे रात्र. त्या शब्दाला पियानोही थांबायचा, त्यामुळे झाकपाक करायची सोय नव्हती.

तालीम संपली तसं मास्तरांनी बेकरीवाल्या बाईंना कोट टांगायच्या खोलीत गाठलं.

"बाई, रागावू नका. उद्या कार्यक्रमात त्या शेवटच्या शब्दाला तुम्ही नुसते ओठ हलवा. बाकीचे सांभाळून घेतील."

"का? माझंच एवढं वाईट आहे?"

"आपल्या दोघांतच राहू दे," मास्तर म्हणाले आणि घाईघाईने निघून गेले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या पहिल्या रांगेत त्यांचे व्याही बसणार होते. लेकीचे सासरे, अस्सल जर्मन. लग्नात बाईंनी पाठ करून दोन वाक्यं जर्मनमध्ये म्हटली, तेव्हा हा गृहस्थ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. आता त्याच्यासमोर माशासारखी तोंडाची उघडझाप करत उभं राहायचं?

घरी येऊन त्या न्हाणीघरात शिरल्या. आतून घरघर, खरखर असे आवाज येऊ लागले.

"अगं, डॉक्टरला बोलावू का?" नवऱ्याने दार वाजवलं.

"जर्मन बोलतेय मी!"

"बरं, बरं. मग राहू दे."

रात्रभर काही जमलं नाही. पहाटे भट्टीपुढे पीठ चाळताना थोडं पीठ घशात गेलं. ते काढायला बाई खाकरल्या आणि दचकल्याच. हाच तो आवाज! पुन्हा करून पाहिला. पुन्हा आला. "नाख्ट!" त्या पावांना म्हणाल्या. दिवसभर त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला पावासोबत एक 'नाख्ट' दिला, आणि गिऱ्हाइकं सुटे पैसे न घेताच निघून गेली. बाईंना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. व्याही हाताची घडी घालून बसले होते, ओठांवर तेच लग्नातलं हसू.

बाईंचं ठरलं होतं. एवढ्या जणांच्या गलक्यात आपला एक आवाज मिसळला तर मास्तरांना थोडाच कळणार? शब्द मात्र आपण म्हटलेला असेल, आणि जेवताना व्याह्यांना तसं ताठ मानेने सांगता येईल.

गाणं छान रंगलं. मग पियानो थांबला. मास्तरांनी हात उंचावले. बाईंनी छातीभर श्वास घेतला.

चाळीसच्या चाळीस तोंडं एकदम उघडली, आणि भरल्या सभागृहात एकट्या बेकरीवाल्या बाईंचा आवाज घुमला.