बाराव्या खुंटीचं पाणी

पाणी बाराव्या खुंटीपाशी आलं आणि थबकलं. नव्या सुनेनं उंबऱ्याशी थांबावं, तसं खडकाच्या पायथ्याशी साचून राहिलं.

खडकापल्याड साळुबाईचा मसूर ऐन फुलात माना टाकत होता. आज पाणी मिळालं नाही, तर दाणा भरणार नव्हता.

खुंट्या ठोकून पाट आखला होता तिच्या पुतणीनं, तेजस्विनीनं. ती अवसरीच्या कॉलेजात गणित शिकवायची. घाटघरची जमीन सगळी कंगोऱ्यांची. "हितं चढ का उतार, सांगताच येत न्हाई," असं साळुबाईचा गोरख म्हणाला, तेव्हा ती हसली होती.

"नको येऊ दे, गोरखदादा. जिथं अवकलज, म्हणजे त्या जागेचा नेमका उतार, निघत नाही, तिथं त्याचा धाकटा भाऊ चालतो. प्रत्येक जागी उभं राहायचं आणि फक्त लगेच पुढं बघायचं. पुढं चढ कुठंच नसेल, तर वाट कुठंच वर जात नाही. सिद्ध झालेलं आहे!"

दोन दिवस ती पाण्याची नळी धरून लेव्हल बघत पुढं पुढं गेली. दर खुणेपुढं उतारच होता. आज त्याच खुणांवरून पुन्हा मोजलं, तरी उतारच.

"मास्तरीणबाई, तुमचं गणित पान्याला ठावं न्हाई वाटतं," गोरख म्हणाला.

साळुबाई पदर खोचून खडकापाशी बसली. दोन्ही दिवस नळीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं.

"पोरी, पयल्या दिशी थांबलीस कुठं?"

"बारावर."

"आन् दुसऱ्या दिशी निघालीस कुठनं?"

"बारावरूनच की, काकी."

"खुटी खाली हाय. चुना वर हाय."

तेजस्विनीनं पाहिलं. पहिल्या संध्याकाळी खुंटी खडकाच्या पायथ्याशी ठोकलेली. दुसऱ्या सकाळी खडकात खुंटी जाईना, म्हणून माथ्यावर चुन्याची खूण, तीही बाराच. मधे वीतभर उंची. मागून येताना खुंटीपर्यंत उतार, चुन्यापासून पुढं उतार. ती वीत कुठल्याच खुणेच्या पुढं मोजली गेली नव्हती.

ती खळखळून हसली. गोरखच्या हातातली पहार तिनंच आधी घेतली. दोघांनी आळीपाळीनं खडकाला खाच पाडली. पाणी जरा घुटमळलं, मग मसुराकडं धावलं.

"काकी, प्रमेयाची पहिली ओळ मी दादाला सांगितलीच नव्हती."

"कंची गं?"

"वाट मधे कुठं तुटलेली नसेल, तर."