पदवी

मिरजेच्या नाट्यगृहाबाहेरचा फलक वाचून सारंगीवाला दिलमान चरकला. आयोजकांनी पासपोर्टवरचं पूर्ण नाव छापलं होतं: दिलमान गंधर्व. नेपाळात त्याच्या गावी हे आडनाव ऐकलं की लोक मूठभर तांदूळ घालत, पण उंबरा ओलांडू देत नसत. म्हणून वाद्यवृंदात तो नुसता दिलमान होता.

सतारी घडवणारे एक आजोबा हात जोडून पुढे आले. "गंधर्व! ही पदवी कुणी दिली तुम्हाला?"

"पदवी नाही, जात आहे," तो मोडक्या हिंदीत पुटपुटला. "दारोदार सारंगी वाजवणाऱ्यांची."

"अहो, आमच्याकडे उभा जन्म गाऊन एखाद्यालाच हे नाव लाभतं," आजोबा म्हणाले. "तुमच्याकडे पाळण्यातच मिळतं?"

पडद्यामागे निवेदिकेनं विचारलं, "नाव काय सांगू?"

"गंधर्व," दिलमान तारा जुळवत म्हणाला. "दिलमान गाळलंत तरी चालेल."