पुढची रांग

पितरांच्या महिन्यात तैवानमधल्या तैनान शहरातल्या एका देवळापुढे सिनेमा लागला, की पुढची रांग मेलेल्यांसाठी रिकामी सोडायची. शिऊ-चू मावशींनी यंदाही तोच सशाचा कार्टून सिनेमा लावायला सांगितला, तेव्हा प्रोजेक्टरवाला थिएन-फू वैतागलाच.

“अहो मावशी, वीस वर्षं हाच! ससा तोंड उघडायच्या आत लोक त्याचं वाक्य म्हणून मोकळे होतात. तुमच्या लेकाचा आवडता होता, कबूल. पण आता त्यालाही वीट आला असेल.”

मावशी पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर उशीवर उशी रचत होत्या, बसणाऱ्याला पडदा नीट दिसावा म्हणून.

“सहा वर्षांच्या पोराला वीट येतो होय रे? सिनेमा संपला रे संपला, की ह्याचं सुरू, ‘आई, परत लाव!’”