डावा फोटो, उजवा फोटो

कडी वाजली. हळूच. दुपारचं घर इतकं गप्प होतं की साधनाचा माऊसवरचा हात दचकून निसटला.

छोटी भाग्यश्री आत झोपली होती. ती झोपली की साधनाचं काम सुरू व्हायचं. चंद्रपूरच्या एका संस्थेची वेबसाईट ती घरूनच सांभाळायची. जंगलातल्या कुपोषित पोरांचे फोटो लावायचे, खाली दोन ओळी लिहायच्या. त्या वाचून दूरदूरचे लोक देणग्या पाठवत.

दारात एक बाई उभी होती. उन्हानं रापलेली, पाय धुळीनं माखलेले, हातात घडी घातलेला रंगीत कागद.

"ओळखलं नाई का म्याडम? बुधरी. सोनीची माय. वामनराव साहेबानं पत्ता देल्ला."

साधनानं केव्हाच ओळखलं होतं. "ये, आत ये. पाणी देतो."

पाणी तसंच ठेवून बुधरीनं कागद उलगडला. साईटचं एक पान. ही वामनरावांची, म्हणजे संस्थेच्या सचिवांची हौस. जंगलात कॉम्प्युटर कुठला, म्हणून ते साईटची पानं छापून धानोऱ्याच्या आठवडी बाजारात वाटायचे. "आपली वेबसाईट घरोघरी गेली पाहिजे," म्हणायचे. तेव्हा साधनाला हसू आलं होतं. ते हे पानही वाटतील, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. साईट जंगलात पाहते कोण, याच भरवशावर तर तिनं ते पान केलं होतं.

पानावर दोन फोटो. डावीकडे संस्थेच्या केंद्रात खाटेवर पडलेली सोनी, नुसती कातडी आणि डोळे. उजवीकडे नव्या फ्रॉकमधली, गाल भरलेली मुलगी.

"हे माई पोरगी." बुधरीनं डाव्या फोटोवर बोट ठेवलं. मग उजव्यावर. "अन् हे बी माईच. जित्ती हाय नं म्याडम? अख्खा गाव म्हणते, बुधरी, तुई सोनी शहरात हाय. कुठी ठेवली सांगा. नेऊ नोको म्हणान तर नेत नाई. पाहून जातो."

चार वर्षांपूर्वी बुधरीनंच सोनीला धानोऱ्याच्या केंद्रात आणून ठेवलं होतं. मग तेंदूपानांचा हंगाम लागला आणि ती पानं तोडायला गेली. त्या मजुरीवर घरची वर्षभराची मीठमिरची चालायची. परत आली तेव्हा केंद्राच्या दारातच साधना भेटली. साधना तेव्हा तिथं फोटो काढायची, नोंदी ठेवायची. सोनी तापात गेली, माती देऊन झाली, हे तिनंच सांगितलं. ज्या ढिगावर बुधरी डोकं आपटून रडली, तोही तिनंच दाखवला.

त्यानंतर साधनाला त्या केंद्रात राहवेना. त्याच पावसाळ्यात ती नि तिचा नवरा प्रफुल चंद्रपूरला आले, ओळखीचं माणूस नसलेल्या गल्लीत.

"तो फोटो," साधना खाली पाहत म्हणाली, "माझ्या पोरीचा आहे, बाई."

"तुमच्या पोरीचा?"

"वामनरावांना जोडी पाहिजे होती. आधी पोर कशी होती, मग कशी झाली. तसं दाखवलं की लोक देतात. माझ्याकडे दुसरी जोडीच नव्हती. चुकलं माझं. हात जोडतो."

बुधरी कागदाकडे पाहत राहिली. तेवढ्यात आतून भाग्यश्री आली, डोळे चोळत, चुरगळलेल्या फ्रॉकात.

"आत जा तू," साधना चटकन म्हणाली.

"राहू द्या नं म्याडम. नाव काय व तुयं?"

"भाग्यश्री प्रफुल बोरकुटे. पह्यलीत हाय. मले तीनचा पाढा येते. म्हणू?"

"म्हण."

भाग्यश्रीनं म्हटला. तीन सकपाशी अडकली, हसली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बुधरीची नजर तिच्यावरून हलेना.

"मोठी बोलकी हाय बापा," बुधरी म्हणाली. "माई मुकीच होती. भूक लागली तरी रडे नाई." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "खरं हाय तुमचं. भरल्या पोटाचे लेकरं सारे सारखेच दिसते. पोट येडं असते माय, पोट येडं."

"जेवून जा."

"नाई. यष्टी सुटन."

जाता जाता तिनं भाग्यश्रीच्या गालावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "माईच नजर नोको लागाले तुमच्या लेकराले," म्हणाली. "माफ करजा म्याडम. उगाच जीव खाल्ला तुमचा."

साधना दाराला धरून उभी राहिली.

संध्याकाळी प्रफुल घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यातून आला, भुवयांपर्यंत करडा झालेला.

"धानोऱ्याची बाई आली होती," साधना म्हणाली.

बुटाच्या नाडीवरचा त्याचा हात थांबला. "मग?"

"सांगितलं, फोटो आपल्या पोरीचा आहे."

"मानलं?"

"उलट माफी मागून गेली."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीले साईटीवर चढवू नोको. काढ तो फोटो. आत्ताच काढ."

साधनानं कॉम्प्युटर लावला. मोडेम किरकिरला. भाग्यश्री येऊन मांडीवर बसली. पान वरून खाली, सावकाश उघडत गेलं. डावा फोटो आला, उजवा आला, आणि शेवटी त्यांच्याखालची, साधनानंच लिहिलेली ओळ आली. "हीच ती मुलगी, दोन वर्षांनंतर." देणग्यांसाठी या साईटवर तिनं कुणाला नसलेली दुखणी दिली होती, कुणाचे असलेले आईबाप मारले होते. अख्ख्या साईटवर अक्षर न् अक्षर खरी असलेली ही एकच ओळ.

भाग्यश्रीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आई, त्या बाईले तिची पोरगी सापडली का?"